पेशीची हिरवी कड

उभी नोकरी मी स्निग्ध पदार्थ तयार करण्यात घालवली आणि त्यातला एकही कधी कुणाला खाता आला नाही. हे बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत समजावून सांगणं अवघड जातं. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला कुणी विचारलं की मी 'केमिस्ट होतो' एवढंच सांगत असे. मग एकदा तळमजल्यावरचे काका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वर आले आणि रक्तदाबाच्या अमुक गोळीऐवजी तमुक चालेल का, असं विचारू लागले. त्या दिवशी सुनंदानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, ताकीद दिली, "अहो, एक तर नीट सांगा, नाहीतर सांगूच नका."

तेव्हा या दिवाळीच्या निमित्तानं नीट सांगतो.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. पेशीला जे आवरण असतं ते चरबीचं, शास्त्रातला शब्द वापरायचा तर लिपिडांचं. या लिपिडांपैकी बहुतेक रेणू भिंतीतल्या विटांसारखे एकमेकांना टेकून उभे असतात. थोडे, अगदीच थोडे, निरोप्याचं काम करतात. बाहेर काही घडलं, म्हणजे जेवणानंतर रक्तात इन्सुलिन आलं किंवा एखादा जंतू जवळून गेला, की आवरणाच्या आतल्या अंगाला या रेणूंच्या डोक्यावर एक जास्तीचं फॉस्फेट चिकटवलं जातं. एवढाच निरोप. पेशीत मोकळी हिंडणारी काही प्रोटीनं ते फॉस्फेट ओळखतात, तिथे येऊन बिलगतात आणि पुढचं काम सुरू होतं. वाढायचं, सरकायचं, जगायचं की मरायचं, हे असं ठरतं. काम झालं की फॉस्फेट काढून टाकलं जातं आणि निरोप पुसला जातो.

आता प्रश्न असा, की पेशीतल्या हजारो प्रोटीनांपैकी नेमकी कोणती या निरोपाला येतात? जीवशास्त्राची माणसं हे शोधतात. त्यांना आमिष लागतं. ते आमिष मी आमच्या संशोधन संस्थेतल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बनवत असे. निरोप्या लिपिड प्रयोगशाळेत तयार करायचं, त्याची शेपटी बारीक मण्यांना बांधायची आणि ते मणी त्यांच्या हवाली करायचे. ते लोक पेशी फोडून त्यांचा रस करतात, त्यात मणी घोळवतात, मणी धुतात आणि मग त्यांना कोण चिकटून राहिलंय ते पाहतात. प्रोटीनांचे तुकडे करून अतिशय नाजूक वजनकाट्यावर तोलले की कोणतं प्रोटीन आहे ते कळतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण असा एक रेणू बनवायचा म्हणजे पंचवीस-तीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला थोडा माल वाया जातो. सुरुवातीला मूठभर पांढरी पूड घ्यायची आणि शेवटी फ्लास्कच्या बुडाशी मेणाचा पुसट थर दिसला तर देवाचे आभार मानायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांनी नेलेलं लिपिड परत आणलं आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "आपला माल अशुद्ध आहे."

मी तपासलं. खरोखरच अशुद्ध होता. त्यात प्लास्टिक होतं. मी काचेच्या कुपीत क्लोरोफॉर्ममध्ये दिलेलं लिपिड त्यांनी सोयीसाठी प्लास्टिकच्या नळीत ओतून ठेवलं होतं आणि क्लोरोफॉर्मनं ती नळी पोटात घेतली होती. मी म्हटलं, "सर, माल माझा आहे, प्लास्टिक आपलं आहे."  पुढच्या वेळी ते स्वतःची काचेची कुपी घेऊन आले आणि ती मला लांबूनच दाखवली.

मयूरी आली ती या सगळ्यांपेक्षा वेगळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी, समोरच्या जीवशास्त्राच्या इमारतीत डॉ. रेगेबाईंकडे पीएचडी करत होती. दारात उभी राहून म्हणाली, "सर, मी मणी न्यायला आली. पण आधी तुम्ही ते कसे करता ते पाहू का जी?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. दुधाच्या पिशवीमागची म्हैस कोण बघायला जातं! मी तिला हूडपाशी, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापाशी, उभं केलं आणि दिवसभर कॉलम दाखवला, म्हणजे काचेच्या उंच नळीत पांढऱ्या वाळूसारखी सिलिका भरून वरून मिश्रण सोडायचं आणि आपला रेणू खाली कधी उतरतो याची वाट बघायची. ती स्टुलावर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. जाताना म्हणाली, "आता मी एक थेंबपण सांडणार नाही, सर."

मणी घेऊन गेली आणि काही महिन्यांनी धावतच आली. तिला एक प्रोटीन सापडलं होतं. पेशीच्या केंद्रात राहणारं, डीएनएशी सलगी असलेलं. ते निरोप्या लिपिडाला बिलगतं हे कुणी म्हटलेलं नव्हतं. प्रत्येक प्रयोगात ते मण्यांवर यायचं. नुसत्या, लिपिड न लावलेल्या मण्यांवर मात्र येत नसे. रेगेबाई खूश होत्या. परदेशातल्या एका परिषदेसाठी निबंध पाठवला, तो निवडलाही गेला. मयूरीच्या घरी पेढे वाटले गेले. वडील तिकडे शाळेत मास्तर, त्यांनी म्हणे वर्गात फळ्यावर प्रोटीनचं नाव लिहून दाखवलं.

माझ्या मनात मात्र एक खडा होता. निरोप्या लिपिडाच्या षटकोनी डोक्याच्या ठरावीक कोपऱ्यांवर फॉस्फेटं असतात आणि फॉस्फेटांवर ऋण भार असतो. डीएनएवरही तसाच असतो. डीएनएला चिकटणारं प्रोटीन धन भाराचं असतं. ते निरोप ओळखून आलं होतं, की नुसता ऋण भार दिसला म्हणून? हे कळायला एकच मार्ग होता. तेवढीच फॉस्फेटं असलेला, पण त्यातलं एक फॉस्फेट शेजारच्या कोपऱ्यावर बसवलेला दुसरा रेणू. भार तोच, निरोप वेगळा. खरं प्रोटीन या भावाकडे ढुंकून बघणार नाही. खोटं प्रोटीन त्यालाही मिठी मारेल.

मी हे मयूरीला सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "करा सर. बनवा."

"वेळ लागेल. आणि निकाल तुझ्या मनासारखा येईलच असं नाही."

"तसं असलं तर तिकडं जाऊन सांगण्याच्या आधी कळलेलं बरं ना जी."

मी तो भाऊ बनवला. मन लावून बनवला, कारण माल वाईट होता असं म्हणायला जागा राहायला नको होती. मण्यांना बांधून तिच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात ती आली ती धावत नाही, चालत. खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"दोघांनाही चिकटलं," ती म्हणाली. "तुमच्या भावाला तर थोडं जास्तच."

 ते प्रोटीन कुठल्याही पंगतीला पाट मांडून बसणारं होतं. हा विनोद तिच्यासमोर करण्याची वेळ नव्हती. मी चहा मागवला. तो तिनं घेतला नाही.

रेगेबाईंनी परिषदेतून निबंध मागे घेतला. त्याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी आदर वाटतो, कारण गप्प बसणं सहज शक्य होतं. मयूरी घरी निघून गेली. दोन-तीन आठवडे म्हणून गेली ती बराच काळ आलीच नाही. रेगेबाई म्हणाल्या, घरचे म्हणताहेत की झालं एवढं शिक्षण पुरे, इथेच बीएड कर. मला रात्री झोप लागेना. खोटं ते खोटंच होतं, पण ते खोटं ठरवणारी वस्तू माझ्या हातची होती. उमेदीची वर्षं एका मुलीनं त्यात घातली होती. रसायनशास्त्रात प्रयोग फसला तर फ्लास्क धुऊन टाकता येतो. हे कसं धुवायचं?

त्या काळात मी एक वेगळाच रेणू कागदावर काढत बसलो. अडचण मुळात पेशी फोडण्यातच होती. पेशी फोडली की केंद्रातलं प्रोटीन, काठावरचं प्रोटीन, सगळ्यांचं एकच कालवण होतं. जिवंत पेशीत ज्यांची कधी गाठही पडली नसती ती मण्यांवर एकमेकांशेजारी येऊन बसतात. म्हणजे आमिष जिवंत पेशीच्या आत जायला हवं होतं. जगात असे रेणू थोड्या लोकांनी केले होते. त्यांच्या अंगावर तीन सोयी असतात. पहिली, टोपण. ते निरोप झाकून ठेवतं, त्यामुळे पेशीत शिरेपर्यंत रेणू मुका राहतो आणि जांभळा प्रकाश पडला की टोपण उडतं. दुसरी, चिमटा. अतिनील प्रकाश टाकला की त्या क्षणी जे प्रोटीन बिलगलेलं असेल त्याला तो कायमचा धरून ठेवतो. तिसरी, कडी. नंतर पेशी फोडून त्या कडीला धरून रेणू ओढून काढायचा, सोबत पकडलेलं प्रोटीन येतंच. आणि हे सगळं एवढंसं, की रेणूच्या मूळच्या स्वभावाला धक्का लागता कामा नये.

मी रेगेबाईंना फोन केला आणि म्हटलं, "मयूरीला सांगा, मी हा रेणू बनवतोय. आणि त्याचा भाऊही बरोबरच बनवतोय."

चार दिवसांनी मयूरी दारात. "बनवताना मी पाहणार," एवढंच म्हणाली. घरी काय बोलून आली ते मी विचारलं नाही.

हूडच्या काचांना आम्ही पिवळा कागद लावला, खोलीतल्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि एका मिणमिणत्या लाल दिव्यात काम सुरू केलं, कारण साध्या उजेडातही टोपण गळायचं. शेवटून दुसऱ्या पायरीवर वीज गेली. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, पुण्यात राहणाऱ्याला आणखी सांगायला नको. थोड्या वेळानं जनरेटर सुरू झाला आणि त्याच्याबरोबर डोक्यावरच्या साऱ्या ट्यूबलाइट लख्ख लागल्या. वीज गेल्यावर अंधारात चाचपडताना कुणीतरी भिंतीवरची बटणं चालू करून ठेवली होती. फ्लास्क उघडा होता. मयूरीनं अंगावरचा ॲप्रन काढून फ्लास्कवर टाकला. 

"किती गेलं?" तिनं विचारलं.

तपासलं तर बहुतेक गेलंच होतं. उरलेलं वेगळं काढलं, ते चिमूटभरही नव्हतं. मागच्या पायऱ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी ट्यूबच काढून माळ्यावर ठेवल्या. रसायनशास्त्रातला हा शोध माझ्या नावावर आहे.

शेवटी दोन काळ्या कुप्या तयार झाल्या. एकीत रेणू, दुसरीत त्याचा भाऊ. मयूरी त्या छातीशी धरून रस्ता ओलांडून गेली. मी खिडकीतून बघत होतो. मधे एक पीएमटीची बस आली, गेली आणि ती पलीकडे पोचलेली दिसली.

या वेळी जाळ्यात आलेल्यांची गर्दी नव्हती. जी प्रोटीनं भावालाही चिकटली ती वगळली, ज्यांनी प्रकाश न टाकताच हजेरी लावली ती वगळली. मोजकीच उरली. त्यात चार-दोन आधीच माहीत असलेली होती आणि ती आलेली बघून बरं वाटलं, जाळं नीट टाकलं गेलं याची ती साक्ष होती. आणि एक असं होतं की ज्याला नावच नव्हतं. नुसता एक क्रमांक. माणसाच्या शरीरात आहे, पण काय करतं हे कुणी बघितलेलं नाही.

मयूरी फोनवर म्हणाली, "सर, या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. बाबांनापण नाही. आधी तुम्ही इकडे या."

"मी येऊन काय करू? मला पेशीतलं काही कळत नाही."

"कळायचं नाही. पाहायचं."

नोकरीच्या इतक्या वर्षांत त्या समोरच्या इमारतीत मी फक्त सह्या करायला आणि निरोप समारंभांना गेलो होतो. माझे रेणू रोज रस्ता ओलांडत, मी नाही. कुणी बोलावलं नाही आणि आपणहून जावं असं मलाही कधी वाटलं नाही. याची चुटपुट आता लागते.

सकाळची वेळ होती. तिनं मला तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. मधोमध सूक्ष्मदर्शक, बाजूला पडदा. त्या बिननावाच्या प्रोटीनला तिनं हिरवं चमकणारं शेपूट जोडलं होतं, म्हणजे ते पेशीत कुठे आहे ते दिसावं. रेगेबाई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या.

पडद्यावर एक पेशी होती. जिवंत. पसरट, कडेला जरा वेडीवाकडी, आतून सगळीकडे सारखी हिरवी, कोथिंबिरीच्या चटणीसारखी दाणेदार.

"तुमचा रेणू आत शिरलाय," मयूरी म्हणाली. "टोपण लावलेला आहे. आता मी ते उडवते."

तिनं कळ दाबली. जांभळा प्रकाश लखकन चमकून गेला.

क्षणभर काही झालं नाही. मग आतला हिरवा रंग विरळ होऊ लागला. मला वाटलं, विझला, संपलं. तेवढ्यात कडेला एक रेघ उमटली. आधी पुसट, मग ठळक, मग पेशीच्या पूर्ण काठानं फिरलेली, झळझळीत. मधला भाग काळा पडला आणि सगळं हिरवं काठावर जाऊन उभं राहिलं. दारात पाहुणे आल्यावर घरातली सगळी माणसं आतल्या खोल्या सोडून बाहेर यावीत, तसं. मग पेशीच्या एका अंगाला ती कड थरथरली, पुढे सरसावली आणि पेशी त्या दिशेला सरकली. माझ्यासमोर सरकली.

मी माझ्या रेणूला आजवर मेणाच्या थराच्या रूपात ओळखत होतो. कागदावरच्या षटकोनाच्या रूपात ओळखत होतो. त्याचं फॉस्फेट नेमक्या कोपऱ्यावर बसावं म्हणून मी किती महिने घालवले ते मला ठाऊक होतं. पण त्याला कुणीतरी ओळखतं, त्याच्या हाकेला ओ देतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो. 

"सर?" मयूरी म्हणाली.

"भाऊ," मी म्हटलं.  "भाऊ लाव."

तिनं दुसरी बशी ठेवली. तशीच पेशी, तसाच हिरवा रंग. आत शिरलेला रेणू तोच, फक्त एक फॉस्फेट शेजारच्या कोपऱ्यावर. जांभळा प्रकाश चमकला. आम्ही तिघं बघत राहिलो. पेशी होती तशीच राहिली. हिरव्याचा एक ठिपकाही जागचा हलला नाही.

त्या न हलण्यानं मला पहिल्यापेक्षा जास्त हलवलं. एवढा बारीक फरक ओळखायला आम्हाला खोलीभर यंत्रं लागतात. मी स्वतः रेणू तपासायची काचपट्टी उजेडात धरून कितीदा फसलो आहे. आणि हे नाव नसलेलं प्रोटीन, ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, ते एका कोपऱ्याचा फरक बिनचूक ओळखून स्वस्थ बसलं होतं. आपल्याला बोलावणं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

रेगेबाई चष्मा पुसत होत्या. मयूरी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, या वेळी खरं आहे," एवढंच बोलली. पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही, पण ती म्हणाली, "नाही, फळ्यावर लिहायला अजून त्याला नावच नाही."

तिला पीएचडी मिळाली. त्या प्रोटीनला नाव मिळालं, तेही तिनंच ठेवलं. ते काठावर जाऊन नेमकं काय करतं, हे अजून पुरतं कळलेलं नाही. आता ती वाघोलीला एका कॉलेजात शिकवते, तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत पुढचं काम रेटते आणि अडलं की मला फोन करते. मी निवृत्त झालो आहे. माझं काम आता एक तरुण माणूस करतो. हुशार आहे, पण ट्यूबलाइट सगळ्या पुन्हा बसवून घेतल्यात.

मागच्या महिन्यात सुनंदा विळीवर सुरण चिरत होती. पातं बोटात घुसलं. बरंच रक्त आलं. मी हळद दाबून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना जखमेचे दोन काठ दिसले. मला माहीत होतं की त्या काठांवरच्या पेशींनी आता एक कड पुढे काढली असेल. त्या कडेला निरोप्या लिपिडांच्या डोक्यावर फॉस्फेटं बसली असतील आणि आतून कोण कोण धावत आलं असेल. काहींना आपण नावानं ओळखतो, काहींना अजून नाही. अंधारात, कुणी कळ न दाबता, समोरच्या काठाच्या दिशेनं त्या सगळ्या पेशी निघाल्या होत्या.

मग मी रोजच बघू लागलो. खिडकीपाशी तिचा हात धरून, चष्मा कपाळावर सरकवून.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, झालं ना आता बरं. एवढं काय आहे त्या बोटात?"

मी सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. सगळं, शेवटपर्यंत. मग स्वतःचं बोट उजेडात धरून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी आम्हाला दोघांनाही कळलं नाही.